माझी हाक दारात अडली तेव्हा

मित्रांनो, मी अकरा वर्षांचा प्रिंटर आहे, आणि आम्हा प्रिंटरांमध्ये हे वय आजोबांचं मानतात. केरळातल्या पय्यन्नूरजवळच्या एका सरकारी शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीखाली माझा मुक्काम आहे. मी नवा आलो तेव्हा मुख्याध्यापक कुंजीकण्णन माश, म्हणजे इथले मास्तर, यांनी सगळ्यांना पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, वाटली होती. तेव्हापासून ओणमच्या स्पर्धांचे नियम, सहलीच्या याद्या, दाखले, काय काय छापलं मी!

पण माझं सर्वात आवडतं काम शिफानाचं. सातवीतल्या या मुलीला फार अंधूक दिसतं. तिची प्रश्नपत्रिका चिंचोक्याएवढ्या अक्षरांत छापावी लागते. इतरांची तीन पानांची, तर तिची अकरा.

यंदा मार्चमध्ये शाळेतल्या संगणकांवर लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती बसवली. दुसऱ्याच दिवशी दहा वाजता गणिताची परीक्षा होती. इतरांच्या प्रश्नपत्रिका छापूनच आल्या होत्या. शिफानाची मात्र त्याच सकाळी नऊ वाजता संगणकावर उघडायची आणि माझ्याकडून छापून घ्यायची होती. गणिताच्या सुहरा टीचरनी प्रिंटरांची यादी उघडली, तर ती रिकामी.

"गेला वाटतं म्हातारा," माश म्हणाले. "भंगारवाल्याला निरोप द्या."



"माश, सकाळी मी पुसला तेव्हा चांगला गुरगुरत होता की," शिपाई लीलाचेच्ची, म्हणजे लीलाताई, म्हणाल्या.

सुहरा टीचरनी माझं बटण दाबलं. मी चाचणीचा कागद स्वच्छ छापून दिला. त्यावर शाळेच्या नेटवर्कमधला माझा पत्ता होता. तो पत्ता टाकून त्यांनी मला संगणकावरून हाक मारली. मी लगेच ओ दिली.

"हा ठणठणीत आहे," टीचर म्हणाल्या. "नेमक्या पत्त्यावर हाक मारली तर याची ओ आत येते. पण यादीसाठी संगणक 'प्रिंटर कुठे आहे' असं पत्ता न घालता सगळीकडे विचारतो, हा 'मी इथे' म्हणतो, तेव्हा ते उत्तर आपल्याच दारात अडतं. नव्या आवृत्तीत फायरवॉल चालू आहे. नको ते पाहुणे अडवणारा पहारेकरीच म्हणा ना. तो यालाही ओळखत नाही."

"मग काढून टाका तो पहारेकरी. साडेनऊ झाले."

"नको, माश. मुलांचे गुण, घरचे पत्ते याच संगणकात आहेत. मांजराला आत घ्यायला कोणी भिंत पाडतं का?"

त्यांनी पहारेकऱ्याला एकच नियम लिहून दिला: शाळेच्या आतून प्रिंटरचं उत्तर आलं तर येऊ दे, बाकी पहारा तसाच. पुन्हा यादी उघडली. तिच्यात माझं नाव होतं.

मी छापायला लागलो. सातव्या पानाला कागद अडकला, तो लीलाचेच्चींनी हलक्या हाताने सोडवला. दहाला पाच कमी असताना त्या अकरा पानं घेऊन वर्गाकडे पळाल्या. माशांनी माझ्यावर ठेवलेला आपला चहाचा पेला उचलला.

मित्रांनो, एखादा उत्तर देत नाही असं वाटलं, तर त्याला मोडीत काढण्याआधी वाट तपासा. आणि वाट मोकळी करताना घराचा पहारा उठवू नका.

दुपारी सुहरा टीचरनी शिफानाला विचारलं, "अक्षरं नीट दिसली ना गं?"

"दिसली, टीचर," ती म्हणाली. "तिसरा प्रश्न तेवढा दिसला नसता तर बरं झालं असतं."