पटावरून कमी

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, तळाला रबर आणि त्यावर उलटे कोरलेले दोन शब्द : ‘पटावरून कमी’. हजेरीपटात ज्या नावावर मी उमटतो, ते मूल शाळेतून गेलं.

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मला फार जपत. रोज फडक्याने पुसत. ‘काय स्वच्छ उमटतो!’ म्हणून कौतुक करत आणि मी फुशारून जाई. त्यांचा नियम साधा होता : महिनाभर गैरहजर, की नाव कमी.

एकदा एक इस्त्रीवाली दारात येऊन उभी राहिली.

“सर, धाकट्याला गोवर निघालाय. मी कामावर जाते, म्हणून थोरली त्याच्यापाशी बसते. आठ दिवस थांबा ना.”

“नियम सगळ्यांना सारखा,” सर म्हणाले.

त्याच पानावर डॉक्टरांच्या मुलाचाही महिना कोरा होता. तिथे सरांनी पेन्सिलीने ‘रजा’ लिहिलं. मग मला उचललं आणि थोरलीच्या नावावर दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत तिचं नाव कुणी घेईना. पण त्या जागी हलकेच कुणीतरी “हजर” म्हणे. ते फक्त मलाच ऐकू येई. सुट्टीत, शाळा बंद असतानाही.

अशी सात वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. त्यांनी जुने पट काढून माझे ठसे एकेक करून पाहिले.

“ही सगळी मुलं कुठली हो?”

“नाल्यापलीकडची,” कारकून म्हणाले. “ती टिकतच नाहीत, बाई.”

“टिकत नाहीत, की आपण टिकू देत नाही? चला, चपला घाला.”

तीन आठवडे दोघं दारोदार फिरली. अकरा मुलं परत आली. थोरलीही सापडली, आईच्या जागी इस्त्री करताना.

“माझी जागा अजून आहे?” तिने विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या.

ती हसली आणि पुढचा शर्ट उचलला. आली मात्र नाही. हे मला कारकुनांच्या तोंडून कळलं.

आता नाव कमी करण्याआधी बाई स्वतः घरी जातात. डॉक्टरांकडेही आणि नाल्यापलीकडेही. मी खणात कोरडा पडून आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मोठ्या सरांच्या खुर्चीत बसेल. माझी मूठ हातात छान बसते, दाबायला जोर लागत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, आधी त्या घरी जाऊन या.