शून्याचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. वीतभर लांब, एका टोकाला डोळा लावायची काच, दुसऱ्या टोकाला तिरपी काच आणि तिच्यावर झाकण. त्या तिरप्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे तोंड करून आत बघायचं. वर निळं दिसतं, खाली पांढरं दिसतं, आणि दोन्ही जिथे भेटतात ती रेषा सांगते, पाण्यात मीठ किती आहे. रेषा जितकी वर, तितकं मीठ जास्त. कागदोपत्री मला क्षारमापक म्हणतात. आमच्या शाळेतली पोरं मात्र मला ‘चुगली’ म्हणतात, कारण पाण्याने काहीही लपवलं तरी मी ते सांगून मोकळी होते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फार काही आठवत नाही. एक थंडगार हात तेवढा आठवतो. त्या हाताने माझ्या काचेवर अगदी शुद्ध पाण्याचा थेंब टाकला, माझ्या अंगावरचा बारीक स्क्रू फिरवला आणि रेषा शून्यावर आणून बसवली. मग कुणीतरी म्हणालं, “झालं, हिला शून्य नीट कळतं.” तेच माझं बारसं म्हणा ना. पुढे मला स्पंजात गुंडाळून डबीत घातलं, डबी खोक्यात गेली आणि खोकं बोटीत चढलं.

मी उतरले ती प्रशांत महासागरातल्या किरिबास देशातल्या एका लांबट, चिंचोळ्या बेटावर. इथे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी आणि मधे एकच रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याच्या छपराचं हायस्कूल. तिथे जीवशास्त्र शिकवणाऱ्या इओतेबा सरांनी मला डबीतून काढलं, शर्टाला पुसलं आणि मुलांना म्हणाले, “हिला आपटाल तर याद राखा. तुमच्या सगळ्यांपेक्षा ही खरं बोलते.”

तेव्हा वर्गात परिसंस्थेचा धडा चालू होता. पुस्तकात बर्फावर उभं राहिलेलं एक पांढरं अस्वल होतं. बर्फ वितळतो, अस्वल उपाशी मरतं, असं त्याखाली छापलेलं. मागच्या बाकावरच्या उरिआमने हात वर केला.

“सर, हे अस्वल बबाई खातं का?”

वर्ग खो खो हसला. बबाई म्हणजे आमच्याकडचा अळूच्या जातीचा कंद. माणूस आत उभा राहिला तर बाहेरून दिसणार नाही इतका खोल खड्डा खणतात, तळाशी गोडं पाणी लागतं, त्या चिखलात तो वर्षानुवर्षं वाढवतात आणि लग्नाला, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काढतात. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं.

“अस्वलाचं अस्वल बघून घेईल. चला बाहेर.”

त्या दिवसापासून माझे कामाचे दिवस सुरू झाले. सर सांगायचे, बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कालवणावर तेलाचा तवंग असतो तसं. पाऊस कमी पडला की तो थर झिजतो. समुद्र वर चढला की खालून खारं पाणी घुसायला लागतं. मग आधी विहीर नासते, मग बबाईचा खड्डा, मग माड शेंडे टाकतात, आणि शेवटी माणूस सामान बांधतो. हे सगळं मुलं माझ्यातून डोळ्यांनी बघत होती. खाडीचं पाणी, खेकड्याच्या बिळातलं पाणी, शहाळ्याचं पाणी, उरिआमचा घाम, काय काय नाही टाकलं माझ्यावर! राजधानीहून, तरावाहून, शाळा तपासायला बाई आल्या, त्यांनीही डोळा लावला आणि “अगंबाई!” म्हणाल्या. मी तेव्हा फार खूश होते.

माझी निगा राखायला मेरेआ नावाची मुलगी होती. अबोल, पण हात हलका. रोज काम सुरू करायच्या आधी ती मला पावसाच्या टाकीतल्या पाण्याने धुवायची, त्याच पाण्याचा थेंब टाकायची आणि स्क्रू फिरवून रेषा शून्यावर बसवायची. पावसाच्या पाण्यात मीठ नसतं, म्हणून ते आमचं शून्य.

मग पाऊस गेला. नुसते ढग यायचे आणि तोंड दाखवून निघून जायचे. शाळेची टाकी आटली, तळाशी गंजाचा चिखल उरला. मेरेआ रिकामा तांब्या घेऊन सरांसमोर उभी राहिली.

“सर, चुगलीला धुवायला पाणी नाही.”

“विहिरीचं घे ना. आपण पितोय तेच.”

सर घाईत होते, आणि खरं सांगायचं तर त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. बेटावर सगळे तेच पाणी पीत होते. जे पितो ते गोडं, इतका साधा हिशेब. मेरेआने विहिरीचा थेंब टाकला. रेषा शून्याच्या बरीच वर होती. तिला वाटलं, स्क्रू सैल झाला असेल. तिने तो फिरवला आणि रेषा खाली आणून शून्यावर बसवली. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही. स्क्रू फिरवणारा ज्याला शून्य म्हणेल, त्यालाच मला शून्य म्हणावं लागतं.

त्याच आठवड्यात काबुता आजी वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मेरेआची आजी. गावात बबाई काढावी तर काबुता आजींनी, असं त्यांचं नाव. त्यांचा कंद उचलायला दोन माणसं लागायची.

“मास्तर, तुझ्या नळीला पाणी कळतं म्हणे?”

“कळतं, आजी. या ना आत.”

“आत बसायला वेळ नाही मला. माझ्या शेजारच्या दोन्ही खड्ड्यांची पानं पिवळी पडलीत. माझी अजून हिरवी आहेत. पण शुक्रवारी बोट जातेय. माझी धाकटी बहीण पलीकडच्या बेटावर असते, तिच्या खड्ड्यात पाणी चांगलं आहे. रोपं उपटून तिच्याकडे पाठवू, का राहू देऊ?”

“पाठवायला काय हरकत आहे?” सरांनी विचारलं.

“काय हरकत आहे म्हणे!” आजी उसळल्या. “उपटलं की निम्मं वाटेत मरतं. आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात लावलं की ते दुसऱ्याचं झालं. आईने मला दिलेलं वाण आहे ते, तिला तिच्या आईने दिलेलं. उगाच कशाला हलवू? पण राहू दिलं आणि खारं झालं, तर वाणच बुडेल. म्हणून विचारायला आले.”

सर मला घेऊन निघणार, तेवढ्यात आजींनी हात आडवा धरला.

“खड्ड्यात कुणी उतरायचं नाही हं. पाणी मेरेआ आणून देईल.”

आमच्याकडे ही रीतच आहे. बबाईला कुठली पानं घालायची, केव्हा घालायची, कंदाभोवती ती कशी रचायची, हे प्रत्येक घराचं गुपित असतं. सख्ख्या शेजाऱ्यालाही ते दाखवत नाहीत. सरांनी मान डोलावली. मेरेआने करवंटीतून पाणी आणलं आणि माझ्यावर थेंब टाकला.

“शून्याच्या जराशी वर!” सर म्हणाले. “चांगलं आहे, आजी. राहू द्या.”

आजींनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग बोट माझ्या अंगावरून फिरवत म्हणाल्या, “गुणाची आहे गं तुमची चुगली.” इतकं कौतुक माझं त्याआधी कुणी केलं नव्हतं, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. शुक्रवारी बोट गेली. आजींचं एकही रोप तिच्यात नव्हतं.

पुढे दुष्काळाची मदत म्हणून सरकारी जहाजातून बंद बाटल्यांचं पाणी आलं. वर्गातही एक खोकं ठेवलं. उरिआमला कुठे धीर निघतोय! “बघू तरी विकतचं पाणी खरंच गोडं आहे का,” म्हणत त्याने बाटली फोडली आणि माझ्यावर थेंब टाकला.

“सर, चुगलीला वेड लागलं! रेषा शून्याच्या खाली दाखवतेय!”

“शून्याच्या खाली मीठ?” दुसरा एक जण म्हणाला. “म्हणजे पाण्याने मीठ उसनं घेतलंय की काय?”

वर्गात हशा पिकला. सरांनी मला हातात घेतलं, डोळा लावला, आणि ते बाकावर बसले.

“मेरेआ, शून्य कुठल्या पाण्यावर धरत होतीस?”

“विहिरीच्या. तुम्हीच सांगितलंत ना, सर.”

सरांनी बाटलीतल्या पाण्यावर नव्याने शून्य धरलं. मग विहिरीचं पाणी बघितलं. रेषा वर गेली. मग म्हणाले, “खड्ड्यातलं पाणी आण.” मेरेआ धावत गेली, धावत आली. रेषा त्याहून कितीतरी वर गेली. आता कुणी हसत नव्हतं.

“सर, बोट परत केव्हा आहे?” मेरेआने विचारलं.

बोट पलीकडच्या बेटावर बंद पडल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती.

संध्याकाळी गावाच्या मोठ्या सभामंडपात, जिथे सगळी म्हातारी मंडळी बसतात, तिथे सर मला घेऊन गेले. चटईवर मांडी घालून बसले आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. एक म्हातारा ओरडला, “मग फेक ना ती नळी समुद्रात!”

“नळीला कशाला फेकायचं?” काबुता आजी म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, मास्तरांवर ओरडतही नव्हत्या. “माझ्या जिभेला काय झालं होतं? मला पण ते पाणी गोडंच लागत होतं. रोज जरासं खारट होत गेलं, आणि रोज जराशी मी सवय करून घेत गेले. मास्तर, तुझा स्क्रू तरी दिसतो. माझा कुणी फिरवला ते मला कळलंसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी आजींनी खड्डा उकरला. त्या दिवशी त्यांनी कुणालाही अडवलं नाही. सर उतरले, उरिआम उतरला, मी मेरेआच्या गळ्यात दोरीने लटकत होते. पानं अजून हिरवी होती. त्यांच्याखालचे कंद मात्र मऊ पडले होते, हात लावला की बोट आत जायचं आणि घाण वास सुटायचा. मेरेआ एक एक कंद उचलून आजीकडे द्यायची, आजी दाबून बघायच्या आणि बाजूला टाकायच्या. घट्ट असा एकही निघाला नाही. एका कंदाला बाजूने फुटलेलं एक लहानसं रोप चिकटून होतं, ते सरांनी बादलीत लावलं, बाटलीतलं पाणी घातलं, वर्गाच्या खिडकीत ठेवलं. सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा. सुट्टीच्या आधी तेही गेलं. मेरेआने ती बादली कितीतरी दिवस उचलली नाही.

पुढच्या सत्रात सरांनी तोच परिसंस्थेचा धडा काढला, तेव्हा काबुता आजी आपण होऊन वर्गात आल्या. खुर्ची नको म्हणाल्या, जमिनीवर बसल्या. आणि बोलायला लागल्या. कुठली पानं घालायची, ती किती दिवस सुकवायची, चंद्र कुठे असताना घालायची, कंदाभोवती कशी विणायची, घालताना आईने शिकवलेले शब्द कोणते. सगळं. मेरेआ आधी दचकून बघायला लागली. मग तिने मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

उरिआमसुद्धा हळू आवाजात बोलला.

“आजी, हे तुमच्या घरातलं गुपित होतं ना? आम्हाला का सांगितलंत?”

“लपवायला खड्डा लागतो रे बाळा,” आजी म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्या आता नाहीत. मेरेआ तरावाला असते. माझ्या काचेला ओरखडे पडले आहेत, डोळ्याकडच्या काचेभोवतीचं रबर सुटलंय, आणि मुलांना आता आकडे दाखवणारं नवं यंत्र आलंय. मी फळीवर पडून असते. माझ्या शेजारी एक घट्ट बुचाची बाटली आहे. तिच्यात पावसाचं पाणी आहे आणि तिच्यावर सरांनी खडूने ‘शून्य’ लिहिलंय. दर वर्षी नवा वर्ग आला की सर ती बाटली आधी दाखवतात, मग मला, आणि मग पुस्तक उघडतात. अस्वलाचं पान अजून तसंच आहे.

मित्रांनो, आजींचं गुपित मी ऐकलंय, पण ते तुम्हाला सांगणार नाही. ज्याचा खड्डा हिरवा आहे, त्याने आपल्या आजीला विचारावं. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या गावचं पाणी अजून गोडं असेल, तर त्याची एक बाटली आजच भरून, बूच लावून ठेवा. पुढे कधी जिभेवर विश्वास ठेवायची वेळ आली, तर आधी त्या बाटलीतला थेंब चाखून बघा. आणि कधी आमच्या शाळेत आलात, मला हातात घेतलंत, तर आधी नीट धुवा. पावसाच्या पाण्याने. विहिरीच्या नको.