टॉवर धरून पाच ठिकाणं

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. अठ्ठावीस वर्षं झाली. कंपनीतले लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणतात, कारण हत्यारांची पेटी उघडायच्या आधी हे लिफ्टच्या दारावर तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि नुसते ऐकतात. मग म्हणतात, "वरचं चाक घासतंय," नाहीतर, "ब्रेक उशिरा धरतोय." आणि तसंच निघतं. पेटीच्या झाकणाला आतून एक पिवळा पडलेला पेपरातला फोटो चिकटवलाय, कुठल्याशा जुन्या जाळीच्या लिफ्टचा. लोक बायकामुलांचे फोटो लावतात, ह्यांचं हे असं.

अशा माणसाची मी बायको, आणि लग्न झाल्यापासून मी एकदाही लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नव्हता. हसा खुशाल. नऊ वर्षांची असताना मावशीच्या इमारतीत दीड तास एकटी अडकले होते, दिवे गेलेले. तेव्हापासून लिफ्टचं दार दिसलं की मी तोंड फिरवते. त्यामुळे कुठेही गेलो की आम्ही जिना चढतो. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसकण मारते, सगळ्या जगाच्या नावाने खडे फोडते, आणि दम परत आला की पुढे.

पण ह्यांना त्याचा त्रास होत असेल असं मला कधी वाटलंच नाही. कारण कोणी विचारलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "अहो, सहा दिवस तेच बघतो. सुट्टीच्या दिवशी लिफ्टचं तोंडसुद्धा बघायचं नाही." लोक हसायचे, मीही हसायचे. म्हटलं, बरं आहे, दोघांचं जमलंय.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हाला दोन दिवस फिरायला पाठवलं. शहर मात्र ह्यांनी निवडलं. माझं शिवणाचं मशीन दोन दिवस झाकून ठेवायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं, पण लेकीपुढे कोणाचं चालतं? तिनं खोली घेतली ती नेमकी चौथ्या मजल्यावर. का, तर म्हणे हवा छान येते. हे दोन्ही बॅगा घेऊन चढले. हूं नाही की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पर्यटक केंद्रात पास काढायला गेलो. छोटीशी खोली, काउंटरच्या काचेखाली शहराचा नकाशा, दोरीनं बांधलेलं पेन. काउंटरवर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेल्या एक बाई. पास दोन प्रकारचे होते. एक तीन ठिकाणांचा, म्हणजे बाग, संग्रहालय आणि नदीतली बोट. दुसरा पाच ठिकाणांचा, त्यात शिवाय जुनी वेधशाळा आणि घड्याळाचा टॉवर. दुसरा जरासाच महाग होता.

"तीनवाले दोन द्या," हे म्हणाले.

"अहो, थांबा!" मी म्हटलं. "थोडेच जास्त देऊन आणखी दोन ठिकाणं मिळतायत. पाचवाला घ्या ना."

"कशाला उगाच? धावपळ होते. पाय दुखतात."

"पाय? तुमचे? काल दोन बॅगा घेऊन चार मजले चढलात तेव्हा नाही दुखले?"

हे काचेखालचा नकाशा बघायला लागले. आणि मी चिडले की चिडतेच. "पंचवीस वर्षांत फिरायला कधी आणलं नाहीत. लेकीनं पाठवलं तर इथेही हात आखडता! शहर तुम्ही निवडलंत ना? मग ते बघायला नको? खोलीत बसून भिंती बघू या का?" रांगेत मागे उभी असलेली माणसं माना उंचावून बघायला लागली. हे नुसते म्हणाले, "अगं, हळू. तीनच पुरे."

ह्यांचा आवाज ऐकून काउंटरवरच्या बाईंनी चष्मा काढला. "एक मिनिट. टॉवरला जिना आहे का म्हणून विचारायला तीनदा फोन करणारे तुम्हीच का?"

ह्यांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, पण त्या बाई माझ्याकडे बघून बोलत होत्या. "किती पायऱ्या आहेत, मध्ये बसायला जागा आहे का, बायकोला चढता येईल का, सगळं विचारलं हो ह्यांनी. मी सांगितलं, जिना बंद आहे, वर लिफ्टनेच जावं लागतं. तर तिसऱ्यांदा फोन करून विचारतात, निदान लिफ्टचं मशीन तरी खालून दिसतं का? आता मशीन वर असतं, खालून कसं दिसणार?"

"एवढं काय आहे त्या लिफ्टमध्ये?" मी विचारलं.

"एकशे दहा वर्षांची आहे. अजून पहिल्याच मशीनवर चालते. लांबलांबून मेकॅनिक येतात बघायला." आणि त्यांनी माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यावर जाळीचं दार होतं आणि पितळी मूठ. ह्यांच्या पेटीच्या झाकणातला तोच फोटो.

मला काय वाटलं सांगू? तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ज्या माणसाला मी चारचौघांत कंजूष ठरवलं, तो आपलं आयुष्यभराचं स्वप्न दोन किलोमीटरवर ठेवून, माझी लाज राखायला बागेचा पास मागत होता.

"पाचवाले दोन द्या," मी म्हटलं. "टॉवरची वेळ कोणती मिळेल?"

"वेड लागलंय का तुला?" हे म्हणाले. "तू खाली एकटी किती वेळ बसणार?"

"खाली कोण बसतंय?"

बोलायला काय जातं! टॉवरच्या तळाशी ते जाळीचं दार कडकड करत उघडलं आणि मी ह्यांच्या मागे सरकले. लिफ्ट चालवणारी मुलगी मुठीवर हात ठेवून थांबली होती. ह्यांनी घाई केली नाही. दारावर तळहात टेकवला, डोळे मिटले. कामावर असताना मी ह्यांना कधी बघितलंच नव्हतं हो. इतका शांत चेहरा मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आपली लेक तान्ही असताना झोपली की जसा श्वास घ्यायची, तशी चालतेय," ते म्हणाले. "ये."

मी गेले. ह्यांच्या दंडात नखं रुतवून, पण गेले. दार बंद झालं आणि ह्यांनी माझ्या कानाशी बोलायला सुरुवात केली. "आता एक हिसका बसेल. बसला? आता घरघर ऐकू येईल, ते पलीकडचं वजन खाली जातंय. आता टक् असा आवाज, तो रुळाचा जोड." आणि प्रत्येक आवाज ह्यांनी सांगितल्यावरच येत होता, जणू ह्यांना विचारून. माझी भीती गेली नाही, पण ती मुकाट बसली. काय माणूस आहे, मला वाटलं, आणि मी ह्याला पंचवीस वर्षं जिने चढायला लावले.

"मग ते सुट्टीच्या दिवशी तोंड बघायचं नाही, ते काय होतं?" मी अर्ध्या वाटेत विचारलं.

"लोकांना काय सांगायचं मग? बायको घाबरते म्हणून?"

मला रडू आलं. ती मुलगी बिचारी भिंतीकडे बघत राहिली.

वर सगळं शहर पसरलेलं होतं, नदी, पूल, लाल छपरं. मी पोटभर बघून घेतलं. हे मात्र शहराकडे पाठ करून काचेपलीकडचं लिफ्टचं मोठं चाक बघत उभे होते. खाली जायची वेळ झाली तेव्हा त्या मुलीनं ह्यांना मूठ धरू दिली. उतरताना मला भीती वाटली की नाही, आठवत नाही. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते.

संध्याकाळी हॉटेलवर परतलो. हे सवयीने जिन्याकडे वळले. मी मात्र लिफ्टसमोर उभी राहिले आणि बटण दाबलं. घाबरतच, पण दाबलं. आता ह्यांना जिना चढू द्यायचा नाही, मी ठरवलंच होतं.

हे परत आले. दारावर तळहात टेकवला, डोळे मिटले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि थोडे घुटमळले. "पण जिन्यानेच जाऊ या का?"

"का? आता का?"

"दुसऱ्या मजल्यावर तू बसतेस ना दम खायला, माझ्याशी बोलत. लिफ्टमध्ये एवढा वेळ कुठे मिळतो?"

लिफ्ट आली, दार उघडलं, आणि रिकामीच बंद झाली. आम्ही जिना चढायला लागलो.