बायडाबाईंनी काचेत मांडलेली शर्यत

मी काच बोलतेय. दोन वीत लांब, वीतभर रुंद. माझ्या अंगावर तीन घोडे पळतात. भिंगारच्या एका खोलीत माझा मुक्काम आहे.

या खोलीतले बन्सी एका खासगी तबेल्यात मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखत. रेवा नावाची घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून सांभाळली. सत्तर साली दुसऱ्याच एका घोड्याची लाथ तोंडावर बसली आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्याच हिवाळ्यात रेवा शर्यतीत पहिली आली.

त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, माळावर जाऊन ती शर्यत पाहिली.

"कशी पळाली?" बन्सींनी विचारलं.

"लई जोरात."

"आगं, पन कशी?"

बायडाबाईंना ते सांगता येईना. बन्सी भिंतीकडे तोंड करून निजले.

बायडाबाई बांगड्यांच्या दुकानात कामाला होत्या. भरताना फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे त्या पदरात बांधून आणू लागल्या. हातानं थापलेल्या मातीच्या फरशीवर काच चिकटू नये म्हणून खडूची पूड पसरून त्यांनी तुकड्यांचे घोडे मांडले आणि गोरक्ष कुंभाराच्या भट्टीत ठेवले. माझ्या आधीच्या दोघी तडकल्या.

"मावशी, गरम काच भाईर काढू नगा. भट्टी आपसूक निवू द्या," गोरक्ष म्हणाला.

माझ्या वेळी त्या दोन दिवस भट्टीपाशी बसून राहिल्या. तुकडे एकमेकांत वितळले, पण घोडे बोटांना लागतील इतके उंच राहिले.

बन्सींनी मला मांडीवर घेतलं. बोटं पायांवरून मानेवर गेली.

"चारी पाय हवेत," ते हळूच म्हणाले. "मान अशी लांब काढली हुती?"

"व्हय."

"मग रेवाच हाय ही."

त्यानंतर रोज दुपारी ते बायडाबाईंना ती शर्यत सांगत. पाहिली होती बायडाबाईंनी, सांगत मात्र ते. त्याही नव्यानं ऐकत.

त्र्याहत्तर साली बायडाबाईंना कावीळ झाली. आठ दिवसांत त्या गेल्या.

शेजारच्या कडूबाई भाकरी ठेवून जातात. शर्यतीचं कुणी विचारत नाही. बन्सी मला हात लावीनासे झाले. फळीवर माझ्या अंगावर धूळ साचली. घोडे धुळीत पळत राहिले.

परवा भिंत चाचपताना त्यांचा हात मला लागला. मी पडता पडता वाचले. त्यांनी मला उलटं धरलं होतं. माझी पाठ त्यांनी कधीच चाचपली नव्हती. माती थापताना तिच्यात रुतलेली बायडाबाईंची बोटं माझ्या पाठीवर उंचवटे होऊन तशीच राहिली आहेत. चार बोटं, आणि जरा बाजूला अंगठा.

बन्सींनी त्या उंचवट्यांवर आपली बोटं ठेवली. संध्याकाळ झाली तरी काढली नाहीत.

आता मी त्यांच्या उशाशी पालथी असते. घोड्यांची तोंडं खाली. कधी या खोलीत आलात, तर बसा, बन्सींशी चार शब्द बोला. मला मात्र सरळ करू नका.