मीच म्हणालो, सगळं बरोबर आहे

मित्रांनो, मी धारवाडच्या मळमड्डीतला एक जुना कॉम्प्युटर आहे. तोंड दाखवायची लाज वाटते, पण सांगतो. एका माणसाचा आवाज माझ्याकडे सांभाळायला दिला होता आणि मी तो घालवला.

चौदा वर्षांपूर्वी हुबळीच्या कमरीपेठेत महेशने मला जोडलं. त्याच्या दुकानात मी अर्ज टाइप केले, लग्नपत्रिका काढल्या. "गट्टी मशीन आहे की!" असं गिऱ्हाईकं म्हणायची, गट्टी म्हणजे दणकट, आणि मी फुगून जायचो. पुढे माझे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी हात वर केले, मी माळ्यावर गेलो.

मग महेशच्या मामांच्या, दत्तात्रय मास्तरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर त्यांना बोलता येणार नव्हतं. नात भार्गवी जेमतेम चार महिन्यांची. तिला पुढे ऐकता याव्यात म्हणून मास्तरांनी फोनवर बासष्ट गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. त्या जपायला महेशने मला खाली काढलं आणि धारवाडला मास्तरांच्या घरी आणून ठेवलं. बॅकअपचा प्रोग्राम घालताना पडद्यावर इशारा आला, या जुन्या यंत्राची हमी नाही. "असलं येतंयच मामा, चालतंय," म्हणत त्याने 'पुढे' दाबलं. खंडेनवमीला मास्तरांच्या पत्नी सविताकाकूंनी मला हळदकुंकूसुद्धा वाहिलं हो!

खरं सांगू? माझी मेमरी तेव्हाच नासली होती. गोष्ट आत येतानाच बिघडायची, बिघडलेलीच मी लिहून ठेवायचो, आणि त्या बिघडलेल्या प्रतीशीच ताडून बेधडक सांगायचो, 'तपासलं, बरोबर आहे.' फोन भरला होता. माझी हिरवी खूण पाहून मास्तरांनी त्यातल्या मूळ गोष्टी पुसल्या. माझ्याकडची एकही गोष्ट कुणी लावून ऐकली नव्हती.

भार्गवी दोन वर्षांची झाली, तेव्हा तिला मांडीवर घेऊन मास्तरांनी पहिली गोष्ट लावली. नुसती खरखर. दुसरी, तिसरी, एकसष्ट गोष्टी तशाच! मास्तर रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी पाटीवर लिहिलं, "चाळीस वर्षांत एकाही मुलाला स्वतःचा पेपर तपासू दिला नाही. ह्याला दिला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या फाइलमध्ये चार सेकंद शाबूत निघाले. तीही गोष्ट नव्हेच, गोष्ट सुरू करण्याआधीचं बोलणं. "सविता, दार लाव गं, रिक्षांचा आवाज येतोय."

मित्रांनो, हात जोडून सांगतो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राच्या शब्दावर विसंबू नका. ठेवलेलं दुसऱ्या यंत्रावर उघडा, आपल्या कानांनी ऐका, मगच मूळ पुसा.

भार्गवी आता रोज तेवढंच लावायला लावते. "अज्जा, अजून!" म्हणते. मास्तर पुन्हा लावतात. आणि सविताकाकू दर वेळी हातातलं काम टाकून उठतात, दार लावून येतात.