अळंबीचा खटला

वकीलमामांनी जंगलातून टोपलीभर पांढरी अळंबी आणली आणि स्वतःच तिची निर्दोष सुटका केली. खाण्याच्या अळंबीच्या टोपीतून तपकिरी भुकटी झडते आणि तिच्या विषारी जुळ्या बहिणीच्या टोपीतून पांढरी, हे त्यांना पाठ होतं. म्हणून सकाळपासून एक टोपी त्यांनी कागदावर झाकून ठेवली होती. संध्याकाळी ती उचलून ते गरजले, "कागद कोरा! पांढरी भुकटी दिसते कुठे?"

"तपकिरी तरी कुठे दिसते, मामा?" भाची म्हणाली.

"संशयाचा फायदा आरोपीला. टाका हो तेलात!"

मामींनी कढई तापवलीच होती. या घरात भाची आजवर एकही वाद जिंकली नव्हती. तिचं वयसुद्धा मामाच ठरवायचे. पण कागद पांढरा होता, एवढं तिला दिसत होतं. तिनं खुंटीवरचा मामांचा काळा कोट ओढला आणि कागद त्यावर खसाखसा घासला. कोटाच्या पाठीवर पिठासारखा पांढरा डाग उमटला.

मामांनी चष्मा पुसून डाग पाहिला. मग पळीनं ओटा ठोकून त्यांनी निकाल फिरवला. "विषारी!"

"जिंकली गं माझी वाघीण!" मामींनी गॅस बंद करून तिची पाठ थोपटली.

"अपील करता येईल का?" मामांनी विचारलं.

"अपील करायला माणूस उरावा लागतो हो!"

भाचीनं तो कोट अंगात चढवला आणि मान ताठ ठेवून टोपली कचऱ्याच्या पेटीकडे नेली.