पंधरा टक्क्यांच्या वर

"हे शिवणयंत्र अजून किती वेळ चालणार?" आर्वोने केबिनच्या दारातून डोकं बाहेर काढून विचारलं.

"तीन वाजेपर्यंत," हिल्का म्हणाली. "आणि त्याला नावं ठेवू नकोस. बोट सध्या त्याच्याच जिवावर आहे."

"तेच तर म्हणतोय मी. एवढी एकतीस फुटांची बोट, आणि जीव कसला? सुटकेसएवढा जनरेटर!"

जनरेटर मागच्या डेकवर दोन पट्ट्यांनी आवळून बांधला होता. धुराचं तोंड बाहेर समुद्राकडे होतं. सव्वा वाजता खाडीत नांगर टाकला तेव्हा बॅटरीत साडेपंधरा टक्के उरले होते. तेव्हापासून तो एका सुरात धडधडत होता आणि आर्वो त्याला एका सुरात नावं ठेवत होता.

'कुइक्का' ही बोट दोघा भावंडांची होती, निम्मी-निम्मी. वडिलांनी मागे ठेवलेली. चाळीस वर्षं तिच्यात डिझेल इंजिन होतं आणि ते फक्त आर्वोचं ऐकायचं. कुठला नट सैल करायचा, कुठे हातोडीने हलकेच ठोकायचं, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्यामुळे कागदावर काहीही असो, बोट आर्वोची होती. त्याला सवड असेल तेव्हा निघायची आणि तो म्हणेल तिथे जायची. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली हिल्का बोटीवर मात्र पाहुणी असायची. कॉफीचे मग धरून बसायची.

गेल्या हिवाळ्यात इंजिनाने मान टाकली, आणि ते दुरुस्त होऊन परत येण्याआधी हिल्काने बोटीत विजेची मोटर बसवून घेतली. मोटरला हातोडी लागत नव्हती. आर्वोही लागत नव्हता. म्हणून तर आर्वोने एप्रिलमध्ये अट घातली होती.

"एकदा, फक्त एकदा जरी कुणी दोरी टाकून आपल्याला ओढून न्यावं लागलं, तर माझं डिझेल परत आत. कबूल?"

"कबूल," हिल्का म्हणाली होती.

दुरुस्त केलेलं इंजिन आर्वोच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तेल पिऊन वाट बघत बसलं होतं. सोइन्तुला गावातल्या सहकारी दुकानात पाव घ्यायला आलेला प्रत्येक जण हिल्काला विचारायचा, "काय गं, ओढावं लागलं का अजून?"

आज मात्र लक्षण काही बरं नव्हतं. दोन दिवस वाऱ्याचा पत्ता नव्हता. शिडं गुंडाळलेली, सगळा प्रवास मोटरवर, आणि बॅटरी तळाला. रेडिओवरचा अंदाज सांगत होता की संध्याकाळी पाचनंतर आग्नेयेकडून वादळ येणार. ही खाडी आग्नेयेलाच तोंड वासून पडलेली. सुरक्षित बंदर होतं ते किल्डा नॅरोजच्या पलीकडे.

आणि नॅरोज म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद वाट. तिथून समुद्राचं पाणी दहा नॉटने धावतं, आणि कुइक्का जास्तीत जास्त साडेपाचने. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी ते पाणी घटकाभर थांबतं, वीसेक मिनिटं. तेवढ्यात निसटायचं. नंतर त्यात भोवरे उठतात. भरती-ओहोटीच्या पुस्तकात आजची वेळ दोन वाजून दहा मिनिटं अशी होती. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात, पुस्तक जात नाही. म्हणून एक तास मिळवायचा. हे वडिलांनी दोघांना अक्षरओळखीबरोबरच शिकवलं होतं. म्हणजे तीन दहा. तोवर बॅटरी चाळीस टक्के होणार. हिल्काने गणित वहीत मांडून त्याखाली रेघ ओढली होती.

"कॉफी ठेवू?" आर्वोने विचारलं.

"आत्ता नको. जनरेटरवर दुसरं काही लावायचं नाही, सांगितलंय ना."

"बापाच्या बोटीवर कॉफी प्यायची चोरी," असं पुटपुटत आर्वो आत गेला.

हिल्का पाण्याकडे बघत बसली. किनाऱ्याजवळ समुद्रशेवाळाचं रान होतं. तळाला धरून असलेले लांबच लांब देठ आणि वर तरंगणारी कांद्याएवढी डोकी. नांगर टाकला तेव्हा प्रवाहाने ती डोकी ओढून पाण्याखाली आडवी केली होती. दिसतही नव्हती. आता दिसत होती. एक, दोन, मग दहा-बारा, वर आलेली. हिल्का उठून उभी राहिली. देठ तिरपे होते, पण सरळ होत चालले होते. शाळेत बाई वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसे.

घड्याळात एक बावन्न झाले होते.

म्हणजे प्रवाह थांबत आला होता; शेवाळ पुस्तक वाचत नाही. हिल्काने पुस्तक ओढलं. वडील वापरायचे ते सरकारी पुस्तक एप्रिलमध्ये दुकानात संपलं होतं, म्हणून आर्वोने हे दुसरं आणलं होतं, चकचकीत वेष्टनाचं. तिने पान उलटलं. अगदी वर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: या पुस्तकातल्या वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

तास आधीच मिळवलेला होता. तिने तो पुन्हा मिळवला होता.

"आर्वो! नांगर!"

"काय झालं?"

"पाणी दोन दहालाच थांबतंय. तीन दहाला नाही. पुस्तकाने तास आधीच मिळवलाय!"

आर्वो बाहेर आला. "मी पण तुला म्हटलं होतं ना, मिळव म्हणून?"

"म्हटलं होतंस. गाढवं आपण दोघंही. पळ पुढे!"

आर्वो डोलकाठीला वळसा घालून पुढे धावला. साखळी खडखडत वर येऊ लागली. हिल्काने मीटरकडे पाहिलं: चोवीस टक्के. पंधराच्या खाली गेलं की ही मोटर आपणहून निम्म्या जोरावर येते. म्हणजे हाताशी नऊ टक्के. पलीकडचं टोक दीड मैलावर. पाच नॉटने जायचं तर साडेचार किलोवॅट लागणार. जनरेटर त्यातले एक पूर्णांक चार देणार, उरलेले बॅटरीतून, अठरा मिनिटं. तिने तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. नऊ टक्क्यांहून किंचित जास्त. किंचित, पण जास्त.

मग तिला पाण्याचा जुना नियम आठवला. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. तोच नियम उलटाही चालतो. वेग जरासा सोडला, तर शक्ती खूपशी वाचते. पाचाऐवजी चार पूर्णांक आठ. आठ टक्क्यांत काम होत होतं!

"नांगर वर!" आर्वो ओरडला. "पण कुठे जातेस चोवीस टक्क्यांवर? थांबू या, रेडिओवर कुणाला तरी..."

"पुढची वेळ साडेआठला. वादळ पाचला. दोरी मागायची असेल तर आत्ताच सांग."

आर्वोने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "चल तर," तो म्हणाला.

एक अठ्ठावन्नला कुइक्का खाडीबाहेर पडली. मोटरचा आवाज मुळी नव्हताच. होती ती मागच्या शिवणयंत्राची धडधड आणि बोटीच्या पुढच्या नाळेखाली फाटणाऱ्या पाण्याची सळसळ. दोन्ही कडे जवळ आले. गेल्या कित्येक वर्षांत ही वाट हिल्काने याच बोटीवरून पाहिली होती, पण डोलकाठीला टेकून, कॉफीचा मग धरून. आज हातात सुकाणूचा दांडा होता. चार पूर्णांक आठ. ती आकडा ढळू देत नव्हती. बावीस टक्के. साडेएकवीस. उजवीकडच्या कड्यावर एक गरुड बसला होता, त्याच्याकडे बघायचीही तिला फुरसत नव्हती.

"एकवीस!" ती ओरडली. "हिशोबाप्रमाणे एकवीसच हवे!"

"नाचतेस काय, सुकाणू धर!" आर्वो म्हणाला, पण त्याचेही दात दिसत होते. मग तो आत गेला.

दोन वाजून सात मिनिटांनी, वाटेच्या अगदी अरुंद भागात, मीटरवरचा जनरेटरचा आकडा एक पूर्णांक चारवरून शून्यावर आला.

जनरेटर तर चालूच होता. त्याची धडधड तशीच होती. हिल्काने मागे वळून पाहिलं: त्याच्या कपाळावर लाल दिवा. जास्त भार पडला की तो इंजिन चालू ठेवून वीज तेवढी तोडतो.

आणि केबिनमधून किटलीची सूं सूं ऐकू आली.

"आर्वो! किटली!"

आतून आर्वोचा आवाज, लहान मुलासारखा: "बाबा नॅरोजमध्ये नेहमी कॉफी..."

"बाबांची चूल डिझेलची होती रे! काढ ती पिन!"

मोटर आता सगळं बॅटरीतून ओढत होती. एकोणीस पूर्णांक सात. इथे वेग कमी करायची सोय नव्हती, खालून उसळणारं पाणी नाळ डावी-उजवीकडे ढकलत होतं आणि साडेचारच्या खाली सुकाणू ऐकेना. जनरेटर परत आला नाही, तर टोकाच्या दोन मिनिटं आधी पंधरा.

मागून भोंगा वाजला. ओलावीची मासेमारी बोट त्याच वाटेने येत होती, मोठी, निळी, निवांत. ओलावीचं घर आर्वोच्या शेडच्या पलीकडे. केबिनमधला रेडिओ खरखरला.

"कुइक्का, कुइक्का, मी ओलावी. अगं हिल्का, मागे वाकून काय शोधतेस? काही बंद पडलं का? दोरी टाकू?"

हिल्काचे दोन्ही हात अडकले होते. एक सुकाणूवर, दुसरा जनरेटरच्या बटणावर. रेडिओचा माइक केबिनच्या पायऱ्यांशी लटकत होता, आणि त्याच्याशेजारी आर्वो उभा होता, एका हातात किटलीची पिन धरून. एक शब्द पुरे होता. "टाक" म्हटलं की झालं. ताडपत्री निघाली, डिझेल आत, आणि संध्याकाळी सहकारी दुकानात ओलावीने सगळ्यांना साग्रसंगीत सांगितलं असतं. नाकारण्याचं कारणही नव्हतं. बोट खरोखरच अडचणीत होती.

आर्वोने माइक उचलला. बहिणीकडे पाहिलं. मग मीटरकडे.

"अठरा पूर्णांक नऊ," हिल्का म्हणाली.

"ओलावी," आर्वो माइकमध्ये म्हणाला, "बंद काही पडलं नाही. कॉफी ठेवत होतो. तू जरा लांबून जा, तुझ्या लाटांनी आमचे मग सांडतील."

"बघ हं. नंतर म्हणशील."

"पिन काढलीये, हिल्का! ओढ!"

तिने बटण दाबून जनरेटर बंद केला. त्या शांततेत पाण्याचा गडगडाट एकदम मोठा झाला. तिने सुकाणूचा दांडा मांडीने दाबून धरला, वळली आणि दोरी खेचली. नुसतीच घरघर. पुन्हा खेचली, खांद्यापासून, सगळ्या जोराने. जनरेटर खोकला, ठसकला आणि धडधडू लागला. लाल दिवा विझला होता. मीटरवरचा आकडा सरपटत वर चढला: अर्धा, एक, एक पूर्णांक चार.

"आला!" ती किंचाळली. चौसष्ट वर्षांची बाई, प्रयोगशाळेत कुणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "आला रे, आला!"

आर्वो पायऱ्या चढून वर आला आणि मीटरसमोर बसला. आता आकडे तो वाचत होता, मोठ्याने, लिलाव पुकारल्यासारखे. "सतरा पूर्णांक दोन! सोळा पूर्णांक सहा! अगं किती राहिलं?"

"तो पांढरा खांब दिसतोय ना, तिथवर."

"सोळा पूर्णांक एक! थोडा वेग सोड!"

"नाही. आता ओहोटी लागतेय, बघ, पाणीच ढकलतंय आपल्याला."

खरंच ढकलत होतं. कडे आता भराभर मागे सरत होते. "पंधरा पूर्णांक सात," आर्वो कुजबुजला, जणू मोठ्याने बोललं तर बॅटरी ऐकेल. खांब बरोबरीला आला. मागे गेला. कडे उघडले आणि समोर एकदम रुंद, राखाडी, मोकळं पाणी पसरलं.

"पंधरा पूर्णांक चार," आर्वो म्हणाला, आणि हिल्काने मोटर बंद केली.

बोट ओहोटीवर आपोआप वाहत होती. ओलावीने जाताना भोंगा वाजवला आणि खिडकीतून कॉफीचा मग उंचावून दाखवला. मग हिल्काच्या मानेला मागून गार लागलं. आग्नेयेचा वारा. वादळ अजून दूर होतं, पण त्याचा पुढचा हात पोचला होता. आर्वो न सांगता उठला आणि त्याने शीड वर चढवलं. ते फडफडलं, भरलं, आणि कुइक्का एका कुशीवर कलून निघाली.

पाच नॉट. साडेपाच. पाण्याच्या ओढीने खालचा पंखा उलटा फिरू लागला आणि त्याच्याबरोबर मोटर. मीटरवरचा आकडा भराभर वर चढू लागला.

"सोळा पूर्णांक एक?" आर्वोने डोळे बारीक केले. "एकट्या जनरेटरने हा इतका भराभर वाढतोय कसा?"

"शिडावर चालताना पंखा वीज करतो. तुला एप्रिलमध्ये सांगितलं होतं."

"एप्रिलमध्ये मी ऐकत नव्हतो." तो वाकला आणि त्याने जनरेटर बंद केला. मग पट्टीवर दोनदा थोपटलं, पूर्वी इंजिनाला थोपटायचा तसंच.

थोड्या वेळाने तो आत गेला. जुन्या छोट्या गॅस-स्टोव्हची नळकांडी शोधून त्याने कॉफी केली आणि वेलदोड्याच्या पावाचे दोन जाड तुकडे कापून आणले. एक मग त्याने हिल्काच्या हाताशी ठेवला आणि दुसरा स्वतः धरून डोलकाठीला टेकून बसला. ती जिथे बसायची तिथे.

"त्या ओलावीच्या मेहुण्याला डिझेल इंजिन हवंय," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "त्याच्या जाळी ओढायच्या यंत्राला. येऊन घेऊन जा म्हणतो त्याला. शेडमध्ये जागा होईल."

"अटीप्रमाणे ओढावं लागलं नाही म्हणून?"

"अट राहू दे गं." त्याने पाव कॉफीत बुडवला. "ऑगस्टमध्ये तू उत्तरेला जाणार आहेस ना, तुझ्या त्या खाड्यांत?"

"जायचंय."

"एकटी?"

हिल्काने वारा गालावर घेतला आणि सुकाणू किंचित सोडलं. "एकटीच. पण तुला यायचं असलं तर ये," ती म्हणाली. "फक्त किटली घरी ठेव."

आर्वो इतक्या जोरात हसला की कॉफी सांडली. मग त्याने खिशातली पेन्सिल काढली, भरती-ओहोटीचं चकचकीत पुस्तक ओढलं आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तास मिळवू नये.